न शिवता छेडलेली तार

डोक्यावरचा एक केस उपटा. स्वतःच्याच, शेजाऱ्याच्या नको. त्याचं एक टोक चिमट्यात धरा, दुसऱ्या टोकाला ४ ग्रॅमचं वजन लटकवा आणि मधली मोकळी लांबी १० सेंटिमीटर ठेवा. केस ७० मायक्रॉन जाडीचा असेल, तर हलवल्यावर तो सेकंदाला साधारण ४४० वेळा थरथरेल. म्हणजे पेटीवरची पांढरी सहा! हिशेब चोख आहे, पण कानाला काहीच ऐकू येणार नाही. इतकी बारीक तार हवा ढकलतच नाही. हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तंबोऱ्याला भोपळा लागतो तो उगाच नाही.

केसाचं निदान डोळ्यांना दिसतं तरी. कापसाचा तंतू त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच जाड. त्याला बोटाने छेडायला जावं तर तो बोटालाच चिकटून येतो. मग त्याला थरथरवायचं कसं आणि ती थरथर मोजायची कशी?

उत्तर आहे वीज. विजेला बोट नसतं, पण ओढ असते. कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांवर धरला की कपटे उडी मारतात, तीच ही ओढ. तंतूजवळ एक टोकदार सुई किंवा धातूची पट्टी आणायची, तिला उलटसुलट होणारा विजेचा दाब द्यायचा आणि त्याची वारंवारता हळूहळू वाढवत न्यायची. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका आकड्यावर सूक्ष्मदर्शकातली ती बारीक काळी रेघ अचानक मधोमध फुगते, दोन्ही टोकांना निमुळती आणि पोटात धूसर. आकडा किंचित पुढे सरकवला की पुन्हा रेघ. जिथे पोट सर्वांत मोठं, तो त्या तंतूचा स्वतःचा सूर.

काट्याशिवाय वजन

आता हा सूर कळून करायचं काय? वजन काढायचं.

फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली तारांचा हिशेब मांडून ठेवला आहे. तार लांब केली की सूर उतरतो, ताणली की चढतो, जड घेतली की पुन्हा उतरतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सोनोमीटर ज्यांच्या वाट्याला आला त्यांना हे पाठ असेल. तारेवर कागदाचा इवलासा रायडर ठेवायचा, नादकाटा वाजवून सोनोमीटरच्या पेटीवर टेकवायचा आणि रायडर उडून पडला की सूर जुळला. (न उडणारा रायडर फुंकर मारून उडवण्याचा मार्गही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.)

मेर्सेनचा नियम उलटा वापरायचा, एवढीच यातली गंमत. लांबी ठाऊक आहे, ताण ठाऊक आहे, सूर मोजला. उरलं काय? तंतूचं दर मीटरमागचं वजन. कापडउद्योगात या यंत्राला व्हायब्रोस्कोप म्हणतात आणि त्याची पद्धत अमेरिकी मानकांमध्येसुद्धा आहे.

आकडे पाहिले की या युक्तीची किंमत कळते. व्हिस्कोसचा नेहमीचा तंतू दीड डेसिटेक्सचा असतो. म्हणजे असा १० किलोमीटर तंतू उलगडला तर त्याचं वजन दीड ग्रॅम. पुण्याच्या स्वारगेटहून निघून तो धागा पार शहराबाहेर न्या, वजन दीड ग्रॅमच! यंत्रात त्याचा २ सेंटिमीटरचा तुकडा लावतात. त्याचं वजन ३ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन. याला तराजूत घालायचं म्हटलं तर फार महाग तराजू लागेल आणि श्वास रोखून बसावं लागेल. त्याऐवजी खाली १०० मिलिग्रॅमचं वजन लटकवलं की हाच तुकडा २००० हर्ट्झच्या आसपास गातो, आणि २००० हर्ट्झ मोजणं आजच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या डाव्या हातचा मळ.

जाडी का मोजत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. कारण कापूस गोल नसतो. बोंड उमलून तंतू वाळला की तो चपटा होतो, स्वतःभोवती पीळ घेतो, आणि आडवा छेद घेतला तर वाटाण्यापेक्षा घेवड्याच्या जवळ जातो. मग त्याची जाडी कुठून कुठे मोजणार? वजनाला असला घोळ नाही. जुनी पद्धत म्हणजे मोजून घेतलेले तंतू एकाच लांबीचे कापायचे, जुडी करायची आणि ती जोखायची. त्यात सरासरी कळते, पण एकेका तंतूचा स्वभाव कळत नाही. व्हायब्रोस्कोपमध्ये ज्या तंतूचं वजन काढलं, तोच नंतर तोडून त्याची ताकदही मोजता येते. दोन्ही आकडे एकाच तंतूचे, ही खरी चैन.

मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंतूंचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे, १९२४ पासूनची. आज तिचं नाव सिरकॉट. विदर्भाच्या शेतात पिकणारा कापूस लांब की आखूड, भरड की तलम, हे ठरवण्याचं शास्त्र शंभराहून अधिक वर्षं तिथे चालू आहे. रोजच्या बाजारात कापसाची तलमता मात्र अशी तंतू हलवून पाहत नाहीत. रुईच्या गोळ्यातून हवा सोडून मायक्रोनेअर काढतात. ते झटपट होतं. एकेक तंतू हलवत बसायचा धीर प्रयोगशाळेला असतो, व्यापाऱ्याला नसतो.

एक ढकल, दोन हेलकावे

इथे एक गंमत आहे, नवख्या माणसाला हमखास चकवणारी. सुईला १००० हर्ट्झचा दाब दिला तर तंतू कितीने हलेल? १००० ने? नाही, २००० ने!

कारण असं. तंतूवर मुळात कुठलाच विद्युतभार नसला, तर सुई धन असली तरी तो तिच्याकडे ओढला जातो आणि ऋण असली तरी ओढलाच जातो. (कागदाच्या कपट्यांनाही कंगव्यावर कुठला भार आहे याच्याशी घेणंदेणं नसतं.) म्हणजे दाबाच्या एका आवर्तनात तंतूला दोन हिसके. हे टाळायचं असेल तर उलटसुलट दाबाच्या जोडीला एक स्थिर दाबही द्यायचा. मग ओढीत ज्या वारंवारतेचा दाब त्याच वारंवारतेचा हिसकाही येतो, आणि स्थिर दाब जास्त ठेवला की तोच वरचढ ठरतो. हे ध्यानात नसेल तर वारंवारता निम्मी धरली जाते आणि तंतूचं वजन चौपट निघतं.

दुपटीचा असाच खेळ मेल्डच्या प्रयोगात आहे, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला. तार बांधलेला नादकाटा तारेच्या लांबीच्या दिशेने हलत असेल तर तार काट्याच्या निम्म्या वारंवारतेने डोलते. या प्रकाराने एका तरुण सरकारी हिशेबनिसाला झपाटलं होतं. दिवसा कलकत्त्याला अर्थखात्यात नोकरी, आणि त्याआधी-नंतर इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत तारा. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळालं ते प्रकाशासाठी, पण सुरुवातीची कित्येक वर्षं गेली ती थरथरत्या तारांत, पुढे तंबोरा आणि वीणेतही.

पावसाळ्यात रुसते

विजेच्या या सगळ्या युक्त्यांना एक शत्रू आहे, दमट हवा. कापूस, लोकर, रेशीम हे तंतू हवेतलं पाणी पितात. पाणी प्यायलेला तंतू जड होतो, त्यामुळे सूर उतरतो. शिवाय त्यावरचा भार हळूच वाहून जातो. म्हणून तंतूंच्या प्रयोगशाळेत हवाही ठरलेली असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के, तापमान थंड देशांत २० अंश. आपल्याकडच्या मानकांनी मात्र उन्हाळा ओळखून २७ अंशांची मुभा दिलेली आहे.

गिरणीत गणित नेमकं उलटं. तिथे कोरडी हवा नकोशी, कारण कोरड्या हवेत घर्षणाने भार साचतो, तंतू एकमेकांना दूर लोटतात, यंत्राला चिकटतात आणि सूत तुटतं. मुंबईची चिकट, घामट हवा कापसाच्या गिरण्यांना मानवली याचं हेही एक कारण सांगतात. ज्या दमटपणाला आपण शिव्या घालतो त्यावर एके काळी गिरणगाव चालत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

धनुष्यातून सुटलेला धागा

सगळ्यात झकास तंतू बनवण्याची पद्धत मात्र कुठल्याही गिरणीत सापडायची नाही. १८८७ साली लंडनमध्ये चार्ल्स व्हर्नन बॉइज यांना अतिशय बारीक आणि मजबूत धागा हवा होता. त्यांनी गवताच्या काडीचा बाण केला, त्याच्या शेपटाला गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा तुकडा चिकटवला, तो भर ज्योतीत वितळवला आणि छोट्याशा धनुष्यातून बाण सोडला! बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागे क्वार्ट्झचा धागा ओढला गेलेला असायचा. त्यांनी २७ मीटर लांबीचे, अवघ्या अडीच मायक्रॉन जाडीचे धागे असे मिळवले. पुढे याच धाग्यांवर गोळे टांगून त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला.

धागा मिळाला आणि मग त्याच्यामागे रांग लागली. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी क्वार्ट्झच्या धाग्याला चांदीचा मुलामा दिला, तो मोठ्या चुंबकात ताणला आणि त्यातून माणसाच्या हृदयाची वीज जाऊ दिली. धागा हलायचा, त्याची सावली फोटोच्या पट्टीवर उमटायची. हाच पहिला कामाचा ईसीजी. इथे ढकलणारं क्षेत्र चुंबकाचं होतं हे खरं, पण धागा त्याच घराण्यातला. यंत्र २७० किलोचं, चालवायला पाच माणसं, आणि रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसलेला. रुग्णालय दीड किलोमीटर लांब होतं म्हणून तिथून तारा टाकल्या. आजच्या भाषेत टेलिमेडिसिन, १९०५ मधलं. १९२४ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

विजेच्या क्षेत्राचा अस्सल धागा मात्र थिओडोर वुल्फ या जेझुइट पाद्रीबुवांचा. धातूचा मुलामा दिलेले दोन बारीक तंतू शेजारी-शेजारी ताणायचे आणि दोघांना सारखाच भार द्यायचा. ते एकमेकांपासून फाकतात. हवेतून किरण गेले की हवा वीज वाहू लागते, भार गळतो आणि तंतू जवळ येतात. किती जवळ आले ते सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. १९१० मध्ये वुल्फ हे यंत्र घेऊन आयफेल टॉवरवर चढले. जमिनीतून येणारे किरण तीनशे मीटरवर जवळजवळ संपायला हवे होते, पण ते अपेक्षेपेक्षा बरेच शिल्लक होते. दोन वर्षांनी, ७ ऑगस्ट १९१२ ला, व्हिक्टर हेस तशीच यंत्रं घेऊन फुग्यातून ५ किलोमीटरच्या वर गेले, तर किरण कमी होण्याऐवजी वाढलेले. म्हणजे ते येतात वरून! विश्वकिरणांचा शोध असा दोन तंतूंमधल्या फटीत लागला. १९३६ चं नोबेल हेस यांना. वुल्फ यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, आणि हे मला तरी जरा टोचतं.

क्वार्ट्झच्या या घराण्याचा आजचा वारस आहे लायगो, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. तिथले ४० किलोचे आरसे काचेच्याच चार-चार तंतूंवर टांगलेले असतात, प्रत्येक तंतू ०.४ मिलिमीटर जाडीचा. बाण गेला, लेझर आला. ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी लेझरने वितळवून तंतू ओढण्याची पद्धत बसवली. या तंतूंचा सूर ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि एकदा का ते थरथरायला लागले की थांबायचं नाव घेत नाहीत. दिवसचे दिवस वाजत राहतात. मग त्यांना मुद्दाम शांत करावं लागतं. शेवटच्या आरशाला बारीक ढकल द्यायची तर तिथेही हात लावायची सोय नाही. त्याच्यामागे काही मिलिमीटरवर टांगलेल्या दुसऱ्या काचेवर धातूच्या पट्ट्या असतात, आणि विजेच्या क्षेत्राने आरसा हलवतात. याच लायगोचं भारतीय भावंड हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभं राहायचं आहे. २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढा नागनाथाला जाणाऱ्यांनी पुढेमागे हेही ध्यानात ठेवावं.

रेडिओ, एका नळीचा

आता आणखी बारीक होऊ. कार्बनची नॅनोनळी काही नॅनोमीटर जाडीची असते, केसाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अशा नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवून त्यांना उलटसुलट दाब दिला. वारंवारता जुळली की नळीचं मोकळं टोक पंख्यासारखं पसरलेलं दिसायचं. एका नळीच्या टोकाला कसलासा कण चिकटलेला होता. सूर किती उतरला त्यावरून त्याचं वजन काढलं. २२ फेम्टोग्रॅम! एका ग्रॅमचे दहा कोटी कोटी भाग केले तर त्यातले २२.

२०१२ मध्ये बार्सिलोनाच्या आद्रियान बाख्टोल्ड यांच्या गटाने हा विक्रम पार तळाला नेला. १५० नॅनोमीटर लांबीची नळी, प्रचंड थंडी, सेकंदाला दोन अब्जांच्या आसपास कंपनं, आणि अचूकता १.७ योक्टोग्रॅम. हे एका प्रोटॉनचं वजन आहे. याच्या खाली जोखायला आता राहिलंय काय?

माझा लाडका प्रयोग मात्र २००७ चा. बर्कलीच्या अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाने एकाच नॅनोनळीचा अख्खा रेडिओ केला. नळीच्या टोकावर भार असतो, त्यामुळे रेडिओलहरीतलं विजेचं क्षेत्र तिला हलवतं, ही झाली अँटेना. ती फक्त स्वतःच्या सुराला हलते, हा झाला ट्यूनर. टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि नळी हलली की त्यांचा प्रवाह कमी-जास्त होतो, म्हणजे आवाज वेगळा काढणं आणि वाढवणं हेही तिथेच. स्टेशन बदलायचं तर दाब बदलायचा. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा विजेने नळीवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. त्यावर त्यांनी ‘लायला’ आणि ‘गुड व्हायब्रेशन्स’ ही गाणी वाजवली. दुसऱ्या गाण्याची निवड कुणी केली असेल, त्याला दाद द्यायला हवी.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत अशाच तारा आहेत, इंडियम आर्सेनाइडच्या. खाली एक पट्टी, वर अधांतरी तार, मध्ये विजेचं क्षेत्र. दाब वाढवला की सूर चढणार, असं आपण समजतो. पण अशा तारांत तो कधी आधी उतरतो आणि मग चढतो. कारण तार जसजशी पट्टीकडे झुकते तसतशी पट्टीची ओढ वाढते, आणि ही वाढती ओढ तारेला परत येऊ देत नाही. तार जणू मऊ पडते. ताण वरचढ झाला की मग सूर चढू लागतो.

ज्यांना हे आधीपासून येतं

आता शेवटची मंडळी, ज्यांनी यातलं काहीही शिकलेलं नाही.

भुंगमाशी उडते तेव्हा तिच्या अंगावर धन भार साचतो. फुलं बहुधा ऋण बाजूला. ब्रिस्टल विद्यापीठात २०१३ मध्ये खोटी फुलं मांडली. काहींना ३० व्होल्ट देऊन साखरपाणी ठेवलं, बाकीच्यांत कडू क्विनीन. माश्या शिकल्या. दाब बंद केला, तर त्यांना फरक कळेना. मग माशीला हे जाणवतं कशाने? २०१६ मध्ये त्याच मंडळींनी लेझरने माशीच्या अंगावरच्या केसांची थरथर मोजली. विजेच्या क्षेत्रात केस हलत होते, मिशांपेक्षा जास्त सहज. म्हणजे प्रयोगशाळेतला व्हायब्रोस्कोप माशीच्या अंगावर शेकड्यांनी लावलेला आहे.

कोळ्यांचं तर विमानच विजेवर. १८३२ मध्ये डार्विनच्या बीगल जहाजावर, किनारा ६० मैल लांब असताना, असंख्य इवले कोळी धाग्यांवरून येऊन उतरले होते. वारा एवढा नव्हता. जमिनीजवळच्या हवेत निरभ्र दिवशीही मीटरमागे १०० व्होल्टच्या आसपास विद्युतक्षेत्र असतं, वादळात कितीतरी जास्त. २०१८ मध्ये ब्रिस्टलच्या एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी वारा बंद पेटीत कोळी ठेवून फक्त विद्युतक्षेत्र चालू केलं. कोळी पायांच्या टोकावर उभे राहिले, पार्श्वभाग वर केला आणि धागा सोडला. काही तर खरंच तरंगले. त्यांच्या पायांवरचे बारीक केसही क्षेत्र चालू होताच हलताना दिसले.

गोचिडीला यातलं काही कळत नसलं तरी तिचा फायदा होतोच. जनावराच्या केसाळ अंगावर भार असतो आणि तो गोचिडीला काही मिलिमीटरची फट उडवून अंगावर खेचतो. तिने फक्त गवताच्या टोकाशी थांबायचं.

आणि सुरवंट. २०२४ मध्ये रॉबर्ट आणि सॅम इंग्लंड यांनी दाखवलं की गांधीलमाशीच्या भारासारखं विद्युतक्षेत्र जवळ आणलं की सुरवंट अंग वेटोळं करतात, झटकतात, चावायलाही धावतात, आणि त्यांच्या अंगावरचे केस शत्रूच्या पंखांच्या वारंवारतेजवळच चांगले थरथरतात. इथेच अभ्यासकांनी एक शंका काढली आहे. माणसाच्या विजेच्या तारा आणि उपकरणंही ५०-६० हर्ट्झच्या पट्ट्यात सतत गुणगुणत असतात. आपल्याकडे हा आकडा ५०. त्या गुणगुणीत सुरवंटाला गांधीलमाशी ऐकू येते की नाही, हे तपासायला बहुधा आणखी बरेच सुरवंट आणि बराच धीर लागेल.